भांड्यांची गाडी किनवटला जाते

मंजुश्रीचं अक्षर लातूर, औसा, मुरुडकडच्या कितीतरी घरांत मांडणीवर बसलेलं आहे. ताटाच्या पाठीवर, तांब्याच्या गळ्याखाली, कळशीच्या खांद्यावर. कुणाच्या मामांकडून सप्रेम भेट, कुणाच्या आजीच्या स्मरणार्थ. लग्न होऊन ती लातूरच्या या भांडेवाल्यांच्या घरात आली, तेव्हा सासूने, पार्वतम्मांनी, तिला स्वयंपाकघराच्या आधी दुकान दाखवलं आणि हातात पोलादी टोचा आणि लहानशी हातोडी दिली. टिंबाशेजारी टिंब मारत नाव घालायचं. पुढे त्यासाठी विजेवरचं मशीन आलं, पण टोच्यावर बसलेला हात आणि बारीक बघायची सवय गेली नाही.

नवरा शिवप्रसाद आठवडी बाजार करायचा. मोठी बंद गाडी, आत दोन्ही बाजूंना फळ्या आणि एका अंगाला वर उचलायचं लांबलचक झाकण. ते उचललं की गाडीचं दुकान व्हायचं. मंजुश्री आत बसून नावं घालायची. त्याचे गुडघे बोलायला लागले तशी त्याने गाडी तिलाच शिकवली. मुरुडच्या बाजारात बाई गाडी उलटी लावते हे बघायला लोक हातातली भजी तशीच धरून उभे राहायचे.

उलटी म्हणजे पाठ आत आणि तोंड रस्त्याकडे. बाजारात गाडी अशीच लावतात, म्हणजे संध्याकाळी गर्दीतून सरळ निघता येतं. शिवप्रसादने त्यात आणखी एक डोकं लढवलं होतं. टपावर भोंगा बसवून त्याच्या तारा रिव्हर्स गिअरला जोडून घेतल्या होत्या. गाडी मागे यायला लागली की त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज सुरू: “आला, आला, लातूरचा भांडेवाला आला! जुनं द्या, नवं घ्या! ताट, वाटी, तांब्या, कळशी! या ताई, या मावशी, नावं घालून मिळतील!” लोक बाजूलाही व्हायचे आणि गिऱ्हाईकही जमायचं.

पक्ष्यांचा नाद तिला या गाडीतच लागला. दुपारी बाजार थंडावला की झाकणाखाली बसून तारेवर बघायचं. औशाला असताना बँकेतली एक मुलगी तांब्यावर नाव घालून घ्यायला आली आणि तिने बघितलं की नावं घालणाऱ्या बाईचं लक्ष समोरच्या बाभळीवर आहे. तिथे एका पक्ष्याने टोळ काट्याला अडकवून ठेवला होता.

“तो खाटीक आहे,” ती मुलगी म्हणाली.

“खाटीक? मग बरोबर हाय. सकाळधरनं दुकान लावून बसलाय.”

ही धम्मप्रिया. आता तिची बदली नांदेडला झाली, चाळिशीही उलटली, तरी मंजुश्रीला ती अजून ‘ती बँकेतली मुलगी’ वाटते. पुस्तक तिने दिलं, जुनी दुर्बीणही तिनेच दिली. आणि किनवटच्या जंगलात पावसाळ्यात नवरंग येतो, हेही तिनेच सांगितलं. फोनवर त्याची शीळ ऐकवली. दोनच सूर, एक वर चढलेला, एक खाली उतरलेला. मंजुश्रीने ती पोळ्या लाटताना ऐकली, भांडी पुसताना ऐकली. मुलगा मृत्युंजय म्हणाला, “आई, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून हे काय?”

शिवप्रसादला डॉक्टरांनी गाडीची पायरी चढायची मनाई केली, तेव्हापासून दोन वर्षं गाडी दुकानामागे उभी होती. मृत्युंजयला ती जागा गिऱ्हाइकांच्या दुचाक्यांसाठी पाहिजे होती. मंजुश्रीने वाद घातला नाही. तिने फळ्यांवर गाद्या टाकल्या. कढया टांगायच्या आकड्यांना छत्र्या अडकवल्या, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी बसवली, पाण्याचा कॅन पट्ट्याने बांधला. धम्मप्रियाने फोटो बघून कळवलं, “मंजुताई, ही तर कॅरॅव्हॅन झाली!”

“आई, ती भांड्यांची गाडी आहे,” मृत्युंजय म्हणाला. “सोमवारी औशाचा माणूस ती विकत घ्यायला येतोय. बाबांनी हो म्हटलंय.”

मंजुश्रीने नवऱ्याकडे बघितलं. शिवप्रसाद गुडघ्याला तेल चोळत होता.

“किनवटला जायचं म्हणतीस ना? जा,” तो म्हणाला. “पण एक. तिथनं फोन आला की गाडी अडली, माणूस पाठवा, मेकॅनिक पाठवा, तर सोमवारी चावी औशेकराच्या हातात द्यायची. मग तोंड पाडायचं न्हाई.”

“अन् फोन न्हाई आला तर?”

“तर गाडी तुझी.”

“फोन मी उचलणार,” देवघरातून पार्वतम्मा म्हणाल्या. त्या उदगीरकडच्या. घरात त्यांना सगळे अव्वा म्हणतात, आणि अव्वा एकदा पंच झाल्या की विषय संपतो.

शनिवारी उजाडता गाडी निघाली. मुरुडहून चतुराबाई आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. बाजारातली जुनी गिऱ्हाईक, पंधरा एकरांची मालकीण, तिन्ही सुना हाताखाली. पक्ष्यांशी तिचं नातं गोफणीचं. ज्वारीवर बसला की हाणायचा. “नुसतं बघायला एवढं लांब जायचं? अन् हाणायचं न्हाई?” असं तिने खरंच विचारलं होतं. तरी ती आली, कारण जन्मात कधी ती पोरंबाळं, सासरमाहेर, लग्नमयत सोडून कुठे गेली नव्हती. सोबत तिने पांघरायला वाकळ आणली, धपाट्यांचं गाठोडं आणलं आणि हिरव्या मिरचीचा असा खर्डा आणला की डबा उघडला की गाडीतल्या गाडीत शिंका.

झड लागलेली होती. बारीक, न थांबणारा पाऊस. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी पाणी उभं होतं. त्या पाण्यात मंजुश्रीला बगळे दिसले, टिटव्या दिसल्या, खंड्या दिसला आणि प्रत्येक वेळी तिचा पाय ब्रेकवर गेला.

“वैनी, तुम्ही रस्ता बघा, मी पाखरं बघते,” चतुराबाई म्हणाली. “तो बघा काळा! लाल डोळ्याचा!”

“भारद्वाज.”

“मग हात जोडा की, चांगला असतो!”

“स्टिअरिंग सोडून?”

“मी जोडते तुमच्या वाटचे.”

नांदेडला धम्मप्रियाच्या गल्लीत गाडी वळायला जागा नव्हती. मंजुश्रीने सवयीने रिव्हर्स टाकला आणि शिवप्रसाद टपावरून गरजला, “आला, आला, लातूरचा भांडेवाला आला!” गल्लीतली दारं उघडली. एक म्हातारी फुटकी बादली घेऊनच बाहेर आली. धम्मप्रिया पाठीला कॅमेरा, गळ्यात दुर्बीण, अंगात मातकट रंगाचा रेनकोट अशी उभी होती. तिने डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली.

“मंजुताई, हे जंगलात वाजलं तर पक्षी थेट तेलंगणात जातील.”

“अगं, मी विसरलेच. बंद करते.”

पण भोंग्याचं बटण कधीचं तुटलेलं होतं. बाजारात ते बंद करायची वेळच आली नव्हती. त्याला आतच स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे गाडी बंद करूनही उपयोग नव्हता. दोन तारा चिकटल्या की तो बोलायचा. शेवटी चतुराबाई शिडीवरून टपावर चढली आणि आपली वाकळ भोंग्यावर गुंडाळून, वर प्लास्टिक घालून, सुतळीने आवळून आली. “मालकाचं तोंड बांधून आले,” ती म्हणाली. “तुम्हाला एवढ्या वर्षांत जमलं न्हाई ते.”

किनवटच्या पुढे साग सुरू झाला, तेव्हा तिघींचं बोलणं आपोआप कमी झालं. पानांवर पाऊस वाजत होता. लांब कुठेतरी मोर ओरडला. धम्मप्रियाची जागा ठरलेली होती: जंगलाच्या हद्दीबाहेर, नाल्याच्या काठी, शेताच्या कडेला एक मोहाचं झाड, मालकाला तिने आधीच फोन केलेला. समोर सागाची दाट पट्टी.

“इथंच लावा,” ती म्हणाली. “सरळ. अशीच.”

पण गाडी सरळ लावणं मंजुश्रीच्या हाताला माहीतच नव्हतं. पाठ आत, तोंड रस्त्याकडे. तिने रिव्हर्स टाकला. वाकळीतून शिवप्रसाद तोंडात घास असल्यासारखा पुटपुटला, चतुराबाई हसत सुटली, आणि त्या हसण्यात मागची चाकं नाल्याकडच्या मऊ मातीत गेली. मंजुश्रीला ते आधी बुडाला कळलं. गाडी बसली. तिने पुढे घेतली; चाक जागेवर फिरलं. पुन्हा घेतली; चिखल उडून झाकणावर बसला आणि चाक आणखी खाली गेलं.

तिने इंजिन बंद केलं.

“रेंजची एक दांडी आहे,” फोन बघत धम्मप्रिया हळूच म्हणाली. तिला अट माहीत होती.

“असू दे,” मंजुश्री म्हणाली. “आपल्याला उद्या निघायचंय. आज कशाला घाबरायचं? चहा टाका.”

पण चहा गाळताना दुकानामागची ती रिकामी जागा तिला डोळ्यांपुढे दिसत होती. फरशी घातलेली, दुचाक्या लावलेल्या.

जेवायला तिने ताटं काढली. नवीकोरी, जाड, आणि प्रत्येकावर नाव. चतुराबाईने आपलं ताट उलटं करून वाचलं.

“ह्या नवरीला तर मी ओळखते. हिचं लग्न झालंच न्हाई की!”

“म्हणून तर ताट इथं हाय. ऑर्डर दिली, नाव घातलं अन् लग्न मोडलं. नाव घातलेलं भांडं कुणाला विकायचं? दुकानात एक फळी भरलीय अशांची.”

“म्हणजे आपण मोडलेल्या लग्नाच्या ताटात जेवतोय?”

“ताटानं काय केलंय? लग्न मोडलं, ताट थोडंच मोडलं!” मंजुश्रीने तिच्या ताटात धपाटं वाढलं. “धम्माच्या ताटातल्या नवरदेवानं तर ऐनवेळी सांगितलं, मुलगी माझ्यापेक्षा उंच हाय.”

“मग मी जास्त खर्डा घेते त्याच्या नावानं,” धम्मप्रिया म्हणाली आणि पाणी पिऊन पिऊन रडली.

मंजुश्री उजेड फुटायच्या आत उठली. गाडीमागे आडोशाला दोन तांबे अंगावर घेतले आणि फळीवर मांडी घालून पूजेला बसली. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, विभूती लावली. ही पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नाही, आणि पूजा चालू असताना नजर तळहातावरून हलवत नाही. तापातही हलवली नव्हती. धम्मप्रियाने तोवर गाडीचं लांब झाकण वीतभर उचलून काठीने टेकवलं होतं. ती आणि चतुराबाई त्या फटीला डोळे लावून पालथ्या पडल्या होत्या.

पाऊस थांबला. नुसती पानं गळत होती. आणि शीळ आली.

दोन सूर. एक वर, एक खाली. फोनमधल्यापेक्षा कितीतरी मोठी, भरलेली, अगदी गाडीच्या अंगाशी.

तळहातावरच्या लिंगावर मंजुश्रीची नजर होती आणि कान पूर्ण बाहेर गेले होते. पुन्हा शीळ. धम्मप्रियाने न वळता मागे हात करून हवेत ओरबाडायला सुरुवात केली: या, या, या! चतुराबाईने तोंडात पदर कोंबला. मंजुश्री हलली नाही. पाणी वाहिलं. औशाचा माणूस, चिखलातलं चाक, वीतभर फटीपलीकडचा तो पक्षी, सगळं तिने त्या तळहाताच्या कडेला थांबवून ठेवलं. मंत्र तिने गाळला नाही. फक्त जरा भराभर म्हटला. मग लिंग गळ्यात घातलं, पदर सावरला आणि रांगत फटीशी आली.

तो होता.

ओल्या पाचोळ्यावर, मोहाच्या मुळाशी. आखूड शेपटीचा, लठ्ठसा, दोन पायांवर टुणटुण उड्या मारत. पाठ हिरवी, छाती पिवळसर, डोळ्यावरून काळी पट्टी, खांद्यावर निळा झळाळता तुकडा, आणि पोटाखाली शेपटीशी असा लाल की कुंकवाचं बोट पुसल्यासारखा. त्याच्या चोचीत एक लांब काडी होती. तो थांबला, मान उंचावून गाडीकडे बघितलं, शेपटी खालीवर केली आणि सागाच्या पट्टीत शिरला. लगेच दुसरा आला. त्याच्याही चोचीत ओलं पान.

“घरटं,” धम्मप्रिया ओठांनीच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. कॅमेरा तिच्या हातात तसाच होता. बटण दाबायचं ती विसरली होती.

“आगं बाई,” चतुराबाई पदरातून कुजबुजली, “ह्याला कोण हाणंल!”

मंजुश्रीने ते रंग एकेक करून बघितले, टिंबाशेजारी टिंब ठेवावं तसे. मग तिला जोरात हसू आलं आणि ते दाबताना फळी हलायला लागली, आकड्यांवरच्या छत्र्या एकमेकींवर आपटल्या. गाडी सरळ लावली असती तर ही फट दुसऱ्या अंगाला, शेताकडे झाली असती.

चहा झाला तसा प्रश्न पुन्हा समोर आला. चाक निम्मं मातीत होतं. तिघींनी ढकलून बघितलं. चतुराबाई तोंडावर पडली.

“नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे,” धम्मप्रिया म्हणाली. “पण ओळख नाही. पावसात आपल्यासाठी कोण येईल?”

“भोंगा वाजवू की,” चतुराबाई म्हणाली. “आवाज ऐकून बाया येतात. मी न्हाई का यायचे?”

“इथे? घरट्यापाशी?” धम्मप्रिया उभीच राहिली. “मंजुताई, हा वाजला तर ती जोडी घरटं सोडून जाईल. तुम्ही घरी फोन करा. मी स्वतः बोलते तुमच्या मिस्टरांशी. पण हा नको.”

मंजुश्रीने फोन काढला. एक दांडी होती. तिने तो बघितला, मग टपाकडे बघितलं. मग भाजी चिरायची सुरी घेऊन शिडीवर चढली. सुतळी कापली, वाकळ सोडली, तारा कापून त्यांची टोकं सोलली आणि भोंगा काखेत मारून खाली उतरली.

“इथं न्हाई वाजवायचा ना? मग जिथं वाजवायचा तिथं नेऊ.”

नाल्याला पिंडरीभर पाणी होतं. पुढे मंजुश्री, काखेत गाडीत कायम असणारी टोचा-हातोडीची पिशवी. मध्ये चतुराबाई, डोक्यावर भोंगा, त्यावर इरलं. मागे धम्मप्रिया, पाय घसरेल तिथे दोघींना धरत. तांड्यात वीज नव्हती. पाऊस पुन्हा लागला होता आणि चुलींचा धूर छपरांवरच बसला होता. समाजमंदिराच्या ओसरीवर मंजुश्रीने भोंगा टेकवला आणि दोन तारा बोटांनी एकमेकींना चिकटवल्या.

“आला, आला, लातूरचा भांडेवाला आला!”

दोन वर्षांनी तो आवाज बायांना हाक मारायला निघाला. पावसातून, धुरातून, शेवटच्या घरापर्यंत. कुत्री भुंकली. मग एक छत्री आली, मग पोत्याची खोळ पांघरलेल्या दोघी, मग बघता बघता ओसरी भरली.

“भांडेवाला कुठंय?” एक बाई म्हणाली. कपाळावर मोठं कुंकू, हातात पितळेची कळशी. “अन् गाडी?”

“भांडेवाला लातूरला हाय. मी त्याची बायको. गाडी नाल्यापलीकडं रुतलीय,” मंजुश्री म्हणाली. “खरं सांगते, विकायला काही आणलं न्हाई. पण भांड्यावर नाव घालून देते. जेवढी आणाल तेवढी. अन् मग माझी गाडी काढू लागा.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. “तीजेच्या सणाच्या जेवणाला भांडी एकात एक होतात,” कळशीवाली म्हणाली. “मागच्या साली माझी परात जावेसोबत गेली ती परत आली न्हाई.”

“मग आणा परात.”

मशीन नव्हतं, वीज नव्हती. सासूने दिलेला टोचा होता. मंजुश्री खांबाला टेकून बसली, कळशी मांडीत घेतली. “काय घालू? मालकांचं नाव?”

“कशाला? कळशी माझी हाय. घासते मी, भरते मी. शेवंताबाई आडे घाला.”

तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघींनी आपापली भांडी मागे घेतली, विचार केला आणि पुन्हा पुढे केली. त्यांनीही आपलीच नावं सांगितली. टक टक टक. पावसाच्या आवाजात हातोडीचा आवाज. चतुराबाई भांडी लावून देत होती, भांडणं मिटवत होती, कुणाच्या सुनेला सल्ला देत होती. धम्मप्रिया कागदावर नावं लिहून घेता घेता सगळ्यांना नवरंगाच्या घरट्याबद्दल सांगत होती. शेवंताबाईच्या कळशीवर नाव पूर्ण झालं, तेव्हा मंजुश्रीचा हात थांबला नाही. नावाखाली तिने न विचारता एक छोटा पक्षी घातला. आखूड शेपटीचा, चोचीत काडी.

“हे काय?”

“हा तुमच्या नाल्याकाठी राहायला आलाय. म्हणून तर सगळं हळू करायचंय. गाडी काढताना ओरडायचं न्हाई.”

“ओरडल्याबगर गाडी निघती का?” कुणीतरी म्हणालं आणि ओसरी हसली.

पण निघाली. एवढ्या बायका, दहाबारा पुरुष, आणि समोर धम्मप्रिया ओठांवर बोट ठेवून, शाळेच्या बाईंसारखी. दगड आणले, झावळ्या आणल्या. चाकाखाली काही बसेना तेव्हा चतुराबाईने एकदा वाकळीकडे बघितलं, “सासूनं शिवलेली हाय,” असं कुजबुजली आणि ती चाकाखाली सारली. मंजुश्री स्टिअरिंगवर बसली. गाडी अशी एकदम निघणार नव्हती; आधी जरा मागे, मग पुढे, झुलवत काढायला पाहिजे होती. तिने रिव्हर्स टाकला. सवयीने तिघींनी टपाकडे बघितलं. टप गप्प होता. मागे, पुढे. मागे, पुढे. धम्मप्रियाने हात वर केला, खाली आणला; तेवढ्या हातांनी एकदम जोर लावला, तोंडातून हूं की चूं नाही, नुसते श्वास आणि बांगड्या. वाकळ फाटल्याचा आवाज आला. चाकाने पकड घेतली आणि गाडी वर आली.

तेव्हाच सागाच्या पट्टीतून शीळ आली. दोन सूर. शेवंताबाईने चिखलाच्या हाताने मंजुश्रीचा दंड धरला आणि दोघी तोंड दाबून लहान पोरींसारख्या हसल्या.

लातूरला पोचेपर्यंत दिवे लागले होते. चतुराबाई रात्रीपुरती तिथेच उतरली. मृत्युंजय गाडीभोवती फिरला. चिखल झाकणापर्यंत, टपावर भोंग्याच्या जागी दोन उघड्या तारा.

“आई, गाडी रुतली होती.”

“हो.”

“मग कुणी काढली?”

मंजुश्रीने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तांडा, ओसरी, कळशी, सगळं. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि पक्ष्यापाशी आली तेव्हा ती उभी राहून तो कसा उड्या मारतो ते दाखवायला लागली.

“म्हणजे मदत घेतलीच,” मृत्युंजय म्हणाला. “अट मोडली. अव्वा, तूच सांग.”

पार्वतम्मांनी फोन मांडीवरून उचलून सगळ्यांना दाखवला. “माझ्याकडं फोन आला न्हाई. घरी फोन करायचा न्हाई एवढंच ठरलं होतं. दुनियेला हाक मारायची न्हाई असं कुठं ठरलं होतं? अन् फुकट न्हाई काढली गाडी. नावं घातलीत पोरीनं, टोच्यानं.” टोच्याचं म्हणताना त्या जरा ताठ बसल्या.

मृत्युंजयने बापाकडे बघितलं. शिवप्रसादने त्यातलं काहीच ऐकलेलं दिसत नव्हतं. त्याने भोंगा मांडीवर घेतला होता आणि तो त्यावरचा चिखल धोतराच्या सोग्याने पुसत होता.

“आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला?” त्याने विचारलं.

“गेला.”

“आल्या बाया?”

“ओसरीत मावेनात. पहिलं काय विचारलं माहितीय? भांडेवाला कुठंय?”

शिवप्रसाद हसला. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता, दात दिसेपर्यंत. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला, भिंतीला धरत गाडीपाशी गेला आणि पायरीकडे बघत थांबला.

“मृत्युंजय, औशेकराला फोन कर. गाडी द्यायची न्हाई म्हणावं,” तो म्हणाला. “अन् उद्या वायरमनला बोलव. ही पायरी खाली घ्यायला वेल्डरलाही सांग.”

“वायरमन कशाला?” मंजुश्री म्हणाली.

“भोंग्याला बटण बसवायला. जंगलात मी गप्प बसंन.”